चॅटच्या खिडकीतून दुसऱ्या साखळीवर: निरोप कसा जातो आणि त्याची ग्वाही कोण देतो

कोकणातल्या घरांचा बराचसा व्यवहार आज मेसेजिंग ॲपवरून चालतो आणि त्याला साधे कारण आहे. घरातली निम्मी माणसे घरी नसतात. कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी आखातात, तर कुणी जहाजावर असते. मिरकरवाडा बंदरातला मासळीचा दर, देवगडच्या बागेतून निघणाऱ्या आंब्याच्या पेट्या, पालखीची वर्गणी, वाडीतल्या नळाला पाणी कधी येणार याची चौकशी, हे सारे कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असते. ब्लॉकचेनवर चालणारी ॲप्स तयार करणाऱ्यांनाही हे कळून चुकले आहे की लोकांना नव्या दाराशी बोलावण्यापेक्षा ते जिथे रोज बसतात तिथे जाणे सोपे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत चॅटच्या खिडकीतच डिजिटल पैशांचे वॉलेट, त्याच खिडकीत कर्ज देणारे किंवा चलन बदलून देणारे ॲप, आणि त्यांच्यामागे एकापेक्षा अधिक ब्लॉकचेन अशी रचना आकाराला येत आहे. वापरणाऱ्याला फक्त एक बटण दिसते. त्या बटणामागे पैसा अशा दोन यंत्रणांमधून जातो, ज्यांना एकमेकींचे अस्तित्वसुद्धा ठाऊक नसते, आणि म्हणूनच तिथे काय घडते हे नीट समजून घेणे मला गरजेचे वाटते.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली सामाईक नोंदवही. नवी नोंद करायची तर त्या संगणकांचे, म्हणजे व्हॅलिडेटरांचे, ठरलेल्या नियमांनुसार एकमत व्हावे लागते आणि एकदा झालेली नोंद गुपचूप खोडता येत नाही. काही ब्लॉकचेनवर नोंदींबरोबर छोटे प्रोग्रामही ठेवता येतात. ‘अमुक रक्कम आली तर तमुक करा’ असे सांगणाऱ्या या प्रोग्रामना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात आणि अशा कॉन्ट्रॅक्टवर उभ्या असलेल्या ॲपला विकेंद्रित ॲप. २०१५ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या इथेरियमने ही पद्धत रूढ केली. तिथले प्रोग्राम ज्या आभासी यंत्रावर चालतात त्याला ईव्हीएम (इथेरियम व्हर्च्युअल मशीन) म्हणतात, आणि पुढे आलेल्या कितीतरी ब्लॉकचेननी तेच यंत्र जसेच्या तसे उचलले. कर्जाची, चलनबदलाची, ठेवीची बहुतेक नावाजलेली विकेंद्रित ॲप्स याच ईव्हीएमसाठी लिहिलेली आहेत. त्यांच्याकडे अनुभव आहे, भांडवल आहे, पण सामान्य माणूस तिथे फारसा फिरकत नाही, कारण आत जाण्यासाठी वेगळे वॉलेट, वेगळे चलन आणि बरीच खटपट लागते.

सामान्य माणूस आहे तो मेसेजिंग ॲपवर. टेलिग्रामचे महिन्याला सक्रिय असणारे वापरकर्ते १०० कोटींच्या वर गेल्याचे त्याचे संस्थापक पावेल दुरोव यांनी २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर केले. या ॲपला ब्लॉकचेनची जोड मिळण्यामागे मोठा इतिहास आहे. टेलिग्रामने स्वतःची ब्लॉकचेन उभारण्यासाठी २०१८ मध्ये सुमारे १७० कोटी डॉलर गोळा केले होते. अमेरिकेच्या रोखे नियामकाने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यावर न्यायालयात हरकत घेतली, मे २०२० मध्ये टेलिग्रामने तो प्रकल्प सोडून दिला, आणि त्यानंतरच्या तडजोडीत गुंतवणूकदारांना १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करून वर १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. त्या ब्लॉकचेनचा प्रोग्राम मात्र सर्वांसाठी खुला होता. स्वतंत्र प्रोग्रामरांनी तो पुढे नेला आणि त्यातून आजची ‘द ओपन नेटवर्क’, म्हणजे टॉन ही ब्लॉकचेन उभी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये टेलिग्रामने तिला पुन्हा जवळ केले, एप्रिल २०२४ मध्ये डॉलरच्या मूल्याशी बांधलेले यूएसडीटी हे टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरचे डिजिटल नाणे, टॉनवर आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये असा नियम जाहीर झाला की टेलिग्रामच्या आतच उघडणाऱ्या ज्या मिनी ॲपना ब्लॉकचेन वापरायची असेल त्यांनी टॉनच वापरावी.

या नियमामुळे आपल्या विषयातला पेच उभा राहतो. लोक टेलिग्रामवर, टेलिग्रामची वाट टॉनवर, आणि नावाजलेली ॲप्स ईव्हीएमवर. टॉनचे यंत्र पूर्णपणे वेगळे आहे. तिथली प्रोग्रामची भाषा वेगळी, पत्त्याची लांबी वेगळी, आणि काम करण्याची रीतही वेगळी. इथेरियमसाठी लिहिलेला प्रोग्राम टॉनवर उचलून ठेवता येत नाही. तो नव्याने लिहावा लागतो आणि त्याची सुरक्षा नव्याने तपासून घ्यावी लागते, ज्याला वेळ आणि पैसा दोन्ही पुष्कळ लागतात. दुसरा मार्ग म्हणजे ॲप जिथे आहे तिथेच राहू द्यायचे आणि टॉनवरच्या माणसाला तिथवर पोचवायचे. यालाच ब्लॉकचेनची आंतरजोडणी म्हणतात.

इथे पहिली अडचण अशी की कुठलीही ब्लॉकचेन स्वतःच्या नोंदवहीबाहेर पाहू शकत नाही. इथेरियमच्या व्हॅलिडेटरला टॉनवर आत्ता काय घडले हे विचारण्याची सोयच नसते, आणि ही त्रुटी मुद्दाम ठेवलेली आहे. सगळ्या व्हॅलिडेटरांचे एकमत व्हायचे असेल तर सगळ्यांसमोर तंतोतंत तीच माहिती असावी लागते. बाहेर डोकावून पाहण्याची मुभा दिली तर एकाला एक दिसेल, दुसऱ्याला दुसरे, आणि एकमत मोडेल. म्हणजे टॉनवरचे टोकन उठून इथेरियमवर चालत जाणे हे घडूच शकत नाही. जातो तो फक्त निरोप.

मनीऑर्डर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. १८८० साली टपाल खात्याने सुरू केलेल्या या सेवेवर कोकणातल्या हजारो चुली पेटल्या, इतक्या की कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश म्हटले गेले. परळच्या गिरणीत काम करणाऱ्याने पोस्टात ज्या नोटा भरल्या त्या नोटा काही कणकवलीला जात नसत. रक्कम मुंबईत जमा व्हायची, तसा फॉर्म गावच्या पोस्टात पोचायचा, आणि पोस्टमन तिथल्या तिजोरीतल्या दुसऱ्याच नोटा घेऊन घरी यायचा व सही किंवा अंगठा घ्यायचा. फॉर्मच्या तुकड्यावर खुशालीच्या चार ओळी असत, त्याच काय त्या खऱ्या अर्थाने मुंबईहून आलेल्या. गावच्या पोस्टमास्तरने मुंबईत नोटा भरताना पाहिलेले नसे. फॉर्म खरा आहे यावर त्याचा विश्वास असे आणि तो विश्वास रास्त होता, कारण दोन्ही टोकांना एकच खाते होते, शिक्के त्याचेच होते आणि चूक झाली तर जबाबदारीही त्याचीच होती.

दोन ब्लॉकचेनच्या मध्ये असे एकच खाते नसते. निरोप खरा आहे याची ग्वाही देणारे कुणीतरी नव्याने उभे करावे लागते, आणि सगळी जोखीम तिथे एकवटते. रूढ पद्धत अशी की पहिल्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, टोकन एका कॉन्ट्रॅक्टमध्ये कुलूपबंद करायचे, तसा निरोप दुसऱ्या साखळीवर द्यायचा आणि तिथे तेवढ्याच मूल्याचे प्रतिरूप टोकन पाडायचे. परत यायचे असेल तर प्रतिरूप टोकन मोडीत काढायचे, उलट निरोप द्यायचा आणि मूळ टोकनचे कुलूप उघडायचे. जगभर याला ब्रिज म्हणतात. प्रतिरूप टोकनला स्वतःची अशी काहीच किंमत नसते हे विसरून चालत नाही. मागे कुलपात मूळ टोकन आहे तोवरच त्याला किंमत आहे.

ग्वाही कोण देणार या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी आहेत, पण सर्वांत जास्त वापरले गेले ते समितीचे उत्तर. काही मोजक्या संगणकांकडे सही करण्याच्या गुप्त डिजिटल किल्ल्या द्यायच्या आणि त्यांतल्या ठरावीक संख्येने सही केली की निरोप खरा मानायचा. हे स्वस्त आणि जलद असते, आणि ते कसे फसते हे रोनिन ब्रिजने दाखवून दिले. एका लोकप्रिय ऑनलाइन खेळासाठी बांधलेल्या या ब्रिजवर ९ किल्ल्या होत्या आणि पैसे सोडायला ५ सह्या पुरत. त्यांपैकी ४ किल्ल्या खेळ चालवणाऱ्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचवी सही मिळवण्याची एक जुनी परवानगी काम संपल्यावरही रद्द करायची राहून गेली होती. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोरांनी कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव करून या पाचही सह्या मिळवल्या आणि १,७३,६०० इथर (इथेरियमचे चलन) व २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले आणखी एक टोकन) काढून घेतले. चोरी उघड झाली त्या वेळच्या भावाने ही रक्कम ६० कोटी डॉलरच्या वर जाते. चोरी लक्षात यायला सहा दिवस लागले, तेही एका ग्राहकाला स्वतःचे पैसे काढता येईनात म्हणून. पुढे अमेरिकेच्या एफबीआयने हे काम उत्तर कोरियाशी संबंधित टोळीचे असल्याचे सांगितले. कागदावर नऊ साक्षीदार असले तरी प्रत्यक्षात एका घरातले चार जण साक्षीला बसले होते, हा त्यातला खरा दोष.

त्याच वर्षी आणखी दोन मोठे ब्रिज फुटले आणि दोन्हींची तऱ्हा निराळी होती. फेब्रुवारीत वर्महोल ब्रिजवर सह्या तपासणाऱ्या प्रोग्राममधली चूक हेरून कुणीतरी मागे कसलेही तारण नसताना १,२०,००० प्रतिरूप इथर पाडून घेतले. ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिजच्या प्रोग्राममध्ये बदल करताना अशी चूक झाली की तपासणीच निरर्थक ठरली; एकाने कसे पैसे काढले हे पाहून शेकडो लोकांनी तीच नोंद नक्कल करून आपला पत्ता घातला आणि सुमारे १९ कोटी डॉलर वाहून गेले. या तिन्ही घटनांत मूळ ब्लॉकचेन शाबूत होत्या. इथेरियमची नोंदवही कुणी फोडली नव्हती. फुटला तो मधला दुवा. आपण ज्याच्यावर विसंबतो ती ब्लॉकचेन किती भक्कम आहे हे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे असे मला कळकळीने वाटते.

समितीपेक्षा चांगला मार्ग म्हणजे एका ब्लॉकचेननेच दुसरीचा पुरावा तपासणे. पहिल्या साखळीच्या प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे नोंदींच्या एकेका गठ्ठ्याचा, छोटा गोषवारा, त्यावरच्या व्हॅलिडेटरांच्या सह्यांसकट, दुसऱ्या साखळीवरच्या कॉन्ट्रॅक्टला द्यायचा आणि सह्या खऱ्या आहेत का, पुरेशा आहेत का हे त्याने स्वतः गणिताने ताडून पाहायचे. कॉसमॉस या समूहातल्या ब्लॉकचेन २०२१ पासून आपापसांत असेच निरोप पाठवतात. इथे विश्वास मध्यस्थावर राहत नाही, तो दोन्ही साखळ्यांच्या व्हॅलिडेटरांवर राहतो. पण यंत्रे फार भिन्न असली की ही तपासणी महाग पडते. दुसऱ्याच धाटणीच्या हजारो सह्या ताडून पाहण्याचा खर्च शेवटी व्यवहार करणाऱ्याच्या शुल्कात येतो. तो कमी करण्यासाठी तपासणी बाहेर करून तिचा आटोपशीर गणिती दाखला साखळीवर मांडण्याचे तंत्र आता वेग घेत आहे आणि मला सर्वाधिक आशा त्याच्याकडून आहे.

टेलिग्राम आणि ईव्हीएम यांना जोडण्याचा सर्वांत थेट प्रयत्न म्हणजे टॅक ही जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली ब्लॉकचेन. ती स्वतः ईव्हीएमची साखळी आहे, म्हणून इथेरियमसाठी लिहिलेली ॲप्स तिच्यावर चालतात, आणि टॉनशी निरोपांची देवाणघेवाण करणारा एक थर तिला जोडलेला आहे. उद्देश असा की टेलिग्रामवरच्या माणसाने टॉनच्या वॉलेटमधूनच सही करावी, दुसरे वॉलेट उघडू नये, आणि ॲप मात्र पलीकडे चालावे.

हे प्रत्यक्षात कसे घडेल ते एका कल्पित व्यवहारातून जवळून पाहू. समजा, दुबईत नोकरी करणारा एक जण डोंबिवलीतल्या आपल्या घरी हापूसच्या पेट्या पाठवू इच्छितो आणि देवगडचा बागायतदार आगाऊ पैशांशिवाय पेटी हलवायला तयार नाही. ईव्हीएमच्या साखळीवर असे एक ॲप आहे की जे पैसे मध्ये धरून ठेवते आणि पेट्या मिळाल्याची कबुली आली की बागायतदाराला सोडते. ग्राहक टेलिग्राममध्ये त्याचे मिनी ॲप उघडतो. हे मिनी ॲप म्हणजे टेलिग्रामच्या आत दिसणारे एक वेबपान असते, त्याच्याकडे पैसे नसतात की किल्ल्या नसतात. १०० यूएसडीटी भरायचे म्हणून तो बटण दाबतो तेव्हा मिनी ॲप वॉलेटला विनंती करते, वॉलेट रक्कम आणि पत्ता दाखवते, आणि ग्राहकाने होकार दिला की खासगी किल्लीने सही होऊन तो हुकूम टॉनवर जातो.

टॉनवर पुढे जे होते ते इथेरियमच्या माणसाला चक्रावून टाकणारे आहे. इथेरियमवर एका टोकनचा एकच कॉन्ट्रॅक्ट असतो आणि सगळ्यांची शिल्लक त्याच्या एका तक्त्यात असते. टॉनवर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक टोकनसाठी वेगळा छोटा कॉन्ट्रॅक्ट असतो. ग्राहकाच्या यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टने ब्रिजच्या यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टला निरोप पाठवायचा, त्याने शिल्लक वाढवून ब्रिजच्या मुख्य कॉन्ट्रॅक्टला कळवायचे, आणि यांतला एकेक निरोप वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये पोचू शकतो. लाखो लोकांचे व्यवहार शेजारी-शेजारी चालावेत म्हणून टॉनची अशी बांधणी केलेली आहे. रक्कम कुलूपबंद झाली की मधल्या थरातले संगणक ती नोंद पाहतात, आपापसांत मते जुळवतात आणि पलीकडच्या साखळीवर निरोप मांडतात. तिथे या ग्राहकाच्या वतीने वागणारा एक प्रतिनिधी कॉन्ट्रॅक्ट प्रतिरूप टोकन घेतो आणि पेट्यांच्या ॲपला हाक मारतो. ॲपच्या लेखी पैसे भरणारा म्हणजे हा प्रतिनिधी. दुबईतला माणूस, त्याचे टेलिग्राम, टॉन, यांतले त्याला काहीच दिसत नाही.

आता बिघाडाचा विचार करू, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. इथेरियमच्या घराण्यात एक व्यवहार एक तर पूर्ण होतो नाहीतर झालाच नाही असे धरले जाते; अर्ध्यावर काही चुकले तर सगळे पूर्वस्थितीवर येते. टॉनवर तशी हमी नाही. पाठवलेला निरोप पुढच्या कॉन्ट्रॅक्टला पचला नाही तर तो उलटून माघारी येतो आणि त्या उलटलेल्या निरोपाचे काय करायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच सांगून ठेवावे लागते. दोन साखळ्या जोडल्या की प्रश्न दुणावतो. समजा, पेट्यांच्या ॲपने ‘या हंगामाची नोंदणी संपली’ म्हणून पैसे नाकारले. पलीकडचा व्यवहार निमूटपणे मागे फिरेल, पण टॉनवरचे कुलूप आपोआप उघडणार नाही, कारण टॉनला हे कळलेलेच नाही. तिकडून परत निरोप यावा लागतो, त्याची पुन्हा ग्वाही व्हावी लागते, आणि मगच ग्राहकाला त्याचे १०० यूएसडीटी मिळतात. या परतीच्या प्रवासाचे शुल्क कोण भरणार हेसुद्धा आधीच ठरलेले असावे लागते. चांगल्या रचनेत जाण्याच्या शुल्कातच परतीचेही घेतलेले असते.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि बटण दाबल्यावर पडद्यावर चक्र नुसते फिरत राहते. अशा वेळी एवढे जाणून असावे की सही केलेला हुकूम एकदा नेटवर्कवर पोचला की तुमचा फोन बंद असला तरी पुढचे काम चालू राहते. टॉनच्या वॉलेटमध्ये प्रत्येक हुकुमाला क्रमांक असतो, त्यामुळे तोच हुकूम दोनदा पोचला तरी एकदाच चालतो. पण अधीर होऊन पुन्हा बटण दाबले आणि पुन्हा सही केली तर तो नवा हुकूम असतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. रेंज आल्यावर आधी वॉलेटमधली शिल्लक आणि व्यवहारांची यादी पाहावी, मगच काय ते करावे.

मुलगा जहाजावर असलेल्या एका काकूंनी मला विचारले होते, “पैसे मोबाइलमध्ये आले म्हणतोस, म्हणजे नक्की आले कुठे रे?” हा प्रश्न फार नेमका आहे. मोबाइलमध्ये पैसे येत नाहीत. पैशांची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि मोबाइलमध्ये असते ती किल्ली, तीही असलीच तर. टेलिग्राममधल्या वॉलेटचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते, म्हणजे ते खाते त्या कंपनीच्या भरवशावर चालते. दुसऱ्यात किल्ली वापरणाऱ्याकडे असते आणि ती परत मिळवण्यासाठी शब्दांची एक यादी दिली जाते. सिमकार्ड हरवले तर दुकानात जाऊन त्याच नंबरचे दुसरे मिळते आणि चॅटचे खाते पुन्हा उघडते, पण शब्दांची यादी गेली आणि दुसरी सोय केलेली नसली तर पैसे कायमचे गेले. दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत शेजारी दिसत असल्या तरी त्यांची प्रकृती एवढी भिन्न आहे. आणखी एक भेद असा की चॅटमधला मजकूर पुसता येतो, पण ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही आणि ती कुणालाही वाचता येते. वॉलेटचा पत्ता एकदा का वाडीच्या ग्रुपवर टाकला की त्या पत्त्यावर किती आले, किती गेले, कधी गेले, हे सगळ्या वाडीला कायमचे खुले झाले. जिथे एकमेकांची घरे माहीत असतात तिथे हा विचार आधी केलेला बरा.

व्हॉट्सॲपचा प्रश्न साहजिकच येतो, कारण कोकणात खरा पसारा त्याचाच आहे. त्याच्या मालक कंपनीने जून २०१९ मध्ये लिब्रा नावाचे स्वतःचे चलन जाहीर केले होते. नियामकांच्या विरोधामुळे ते कधीच अवतरले नाही, अमेरिकेत व्हॉट्सॲपवर डॉलरशी बांधलेले टोकन पाठवण्याचा मर्यादित प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये तोही बंद झाला. भारतात व्हॉट्सॲपवरून जे पैसे जातात ते यूपीआयने, बँकेच्या खात्यातून खात्यात. त्यात ब्लॉकचेन नाही. पूर्व आशियात मात्र वेगळी वाट निवडली गेली. काकाओटॉक आणि लाइन या कोरिया-जपानमधल्या मेसेजिंग कंपन्यांनी सुरू केलेल्या दोन ब्लॉकचेन एकत्र करून २०२४ मध्ये काया ही साखळी तयार झाली आणि ती मुळातच ईव्हीएमशी जुळणारी आहे. त्यामुळे तिथे ॲप नव्याने लिहावे लागत नाही, मात्र बाहेरच्या साखळीवरून पैसा आणायचा झाला तर ब्रिजचा प्रश्न तिथेही तसाच उरतो.

वरच्या व्यवहारात ब्लॉकचेनला न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आंबा. पेटी उघडल्यावर फळात साका, म्हणजे बिघडलेला गर, निघाला का, वर देवगड छापून आत दुसराच आंबा भरला का, हे कुठलाही कॉन्ट्रॅक्ट सांगू शकत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण पेटीतल्या फळाची ग्वाही शेवटी माणसानेच द्यायची असते, आणि तो माणूस खोटे बोलला तर ते खोटे दोन्ही साखळ्यांवर अगदी बिनचूक नोंदले जाईल. वाशीच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, उशिरा येते, कधी कापून येते, हे बागायतदाराचे जुने दुखणे आहे. धरून ठेवलेले पैसे वेळेवर सोडण्याचे काम कॉन्ट्रॅक्ट चोख करील, पण मालाचा वाद सोडवणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारतात अशी टोकने कायदेशीर चलन नाहीत, त्यांना आभासी डिजिटल मालमत्ता मानले जाते. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या हस्तांतरणावरील नफ्याला ३० टक्के कर अधिक अधिभार व उपकर लागतो, एका टोकनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विहित मर्यादेपुढच्या हस्तांतरणाच्या रकमेवर १ टक्का कर आधीच कापला जातो. एक टोकन देऊन दुसरे घेणे हेही हस्तांतरणच आहे. परदेशातून पैसा आणण्याचे परकीय चलनविषयक नियम वेगळे आहेतच. जानेवारी २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया यांसह १० देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्याच मोबाइल क्रमांकावरून आपले भारतातले खाते यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली. म्हणून दुबईहून घरी महिन्याचा खर्च पाठवण्यासाठी माझ्या मते आजही बँक आणि यूपीआय हाच सरळ मार्ग आहे. दोन साखळ्यांची आंतरजोडणी उपयोगी पडेल ती जिथे पैशांबरोबर अटीही पाठवायच्या आहेत आणि दोन्ही टोकांना एकच बँक किंवा एकच खाते नाही, अशा ठिकाणी.

चॅटमधले वॉलेट भामट्यांनाही सोयीचे झाले आहे हे स्पष्ट सांगायला हवे. ओळखीच्या ग्रुपवर आलेली लिंक आपण विश्वासाने उघडतो, मिनी ॲप हुबेहूब खऱ्यासारखे दिसते, आणि सही मागणारा पडदा घाईघाईने पुढे ढकलला जातो. त्या पडद्यावर तीन गोष्टी थांबून वाचाव्यात: किती रक्कम जाते, कुठल्या पत्त्यावर जाते, आणि आपण एकदाच पैसे देत आहोत की आपल्या टोकनवर कुणाला कायमचा अधिकार देत आहोत. कुठलीही खरी सेवा शब्दांची यादी चॅटवर मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसा बँकेतून निघून टोकनमध्ये बदलला जाण्याआधी अडवता आला तरच परत येण्याची आशा असते. एकदा तो दोन-तीन साखळ्यांवरून फिरला की माग काढणे फार अवघड होते.

आणि यूएसडीटी असे नाव दिसले म्हणून ते तेच यूएसडीटी असेल असे मानू नये. टोकन काढणाऱ्या कंपनीने त्या साखळीवर स्वतः काढलेले असते तेव्हा त्यामागे कंपनीचा शब्द असतो. ब्रिजने पाडलेले असते तेव्हा त्यामागे कंपनीच्या शब्दाबरोबर ब्रिजचे कुलूपही असते, आणि दोन्ही टिकली तरच त्याची किंमत टिकते. वॉलेटमध्ये टोकनच्या नावावर बोट ठेवले की त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता दिसतो, तो कंपनीने जाहीर केलेल्या यादीतल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहता येतो. मोठी रक्कम पलीकडे नेण्याआधी थोडीशी नेऊन ती परत मूळ वॉलेटमध्ये आणून पाहावी. जाण्याचा मार्ग जवळजवळ नेहमीच गुळगुळीत असतो. परतीला किती वेळ लागतो, किती शुल्क कापले जाते, मधल्या थरातले किती संगणक ग्वाही देतात आणि त्यांतले किती एकाच मालकाचे आहेत, ही माहिती सेवा देणाऱ्याने उघड लिहून ठेवलेली असायला हवी, आणि ती सापडत नसेल तर तिथे पैसे ठेवू नयेत.